सावळाराम केशरी झाला त्याची गोष्ट

मुरबाड-शहापूर रस्त्यावर सावळाराम गोजरची शेअर जीप चालते. मी सरळगावला राहतो आणि किन्हवलीच्या एका मेडिकल दुकानात कामाला आहे, त्यामुळे रोज सकाळी त्याच्या शेजारच्या सीटवर माझी जागा ठरलेली. म्हणून ही सगळी हकिकत मी अगदी जवळून पाहिली आहे.

सावळाराम नावाप्रमाणे सावळा. सावळा कसला, चांगला काळा. उंच, रुंद, आवाज असा की हॉर्न बिघडला तरी अडत नाही. मनानं सरळ. फक्त एकच खोड. एखादी गोष्ट चांगली आहे असं कुणी सांगितलं की ती थोडी करून तो गप्प बसत नसे. मोबाइल अंगापासून लांब ठेवावा असं त्याला कुणीतरी सांगितलं, तर ह्यानं तो प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून अंगणातल्या शेवग्याला टांगला. फोन वाजला की हा झाडाखाली उभा राहणार आणि मान वर करून शेवग्याशी ओरडून बोलणार. सगळ्या आळीला सगळं कळायचं. एकदा त्यानं सासऱ्याविषयीचं आपलं खरं मत त्या शेवग्याला सांगितलं. सासऱ्याची पुतणी शेजारच्याच घरात दिलेली होती. त्या संध्याकाळी फोन घरात आला.

तर गेल्या थंडीतली गोष्ट. सकाळी थोडं धुकं होतं. गाडी भरून आम्ही किन्हवलीच्या दिशेला निघालो होतो. रस्त्याच्या कडेला भेंडीचा मळा लागला आणि सावळारामानं करकचून ब्रेक मारला.

"चला मावशी, बसा मागं. एक जागा हाय."

बाहेरची मावशी काही बोलली नाही.

"अवो मावशी, शहापूर ना? मग हात दाखवून उभ्या कशाला ऱ्हायल्या? पटकन या, लोकांना कामं हायेत."

मावशी ढिम्म. दोन्ही हात पसरलेलेच. सावळाराम चिडला. "यायचं नाय तर हात कशाला करता गो?" असं म्हणून तो उतरला आणि बांधावरून तिच्याकडे चालत गेला. अगदी जवळ गेल्यावर थांबला. जीपमधले आम्ही सगळे तोवर एकमेकांच्या अंगावर पडून हसत होतो. मावशीचं डोकं मडक्याचं होतं आणि कुणाचं तरी जुनं लुगडं नेसवून तिला पाखरं हाकलायला उभी केली होती.

तो परत येऊन बसला आणि गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, "धुकं जास्त हाय आज."

ही बातमी त्याच्याआधी घरी पोचली. चंद्रकला, म्हणजे त्याची बायको, चुलीपुढून उठलीसुद्धा नाही. "डोळे तपासून घ्या," ती म्हणाली. "चष्मा लागला आसंल."

"चष्मा?" सावळाराम ओरडला. "ड्रायव्हरला चष्मा? पॅसेंजर म्हणतील ह्याला दिसत नाय. कोण बसंल गाडीत?"

"आता काय म्हणतात? बुजगावण्याला तिकीट देतो म्हणतात."

ह्याचं उत्तर त्याला दुसऱ्या दिवशी मुरबाडच्या बाजारात मिळालं. भाजीवाल्या बाईजानं सहज म्हणून सांगितलं, "गाजरं खा रे. डोळ्याला लई चांगली." बाईजाला गाजरं खपवायची होती, एवढंच. पण तिनं हे वाक्य सावळारामाला सांगितलं होतं. तिची पाटी तिथंच रिकामी झाली.

त्यानंतर आमच्या जीपमध्ये गाजर सुरू झालं. स्टिअरिंगवर एक हात, दुसऱ्या हातात गाजर. गिअर टाकायचा झाला की गाजर तोंडात आडवं धरायचं. वळणावर समोरून कुणी चुकीच्या बाजूनं आलं की तेच गाजर खिडकीबाहेर काढून त्याला दम भरायचा. सोललेलं नाही, चिरलेलं नाही, नीट चावलेलंही नाही. तोडायचं आणि गिळायचं. बरेच दिवस हा प्रकार चालला आणि डोळ्यांत काडीचा फरक पडला नाही. उलट जबडा दुखायला लागला. आणि सकाळी परसाकडून आल्यावर तो बायकोला हळू आवाजात म्हणाला, "चंदे, गाजर जसंच्या तसं भायेर येतं गो. वळखू येतं."

"येणारच," चंद्रकला म्हणाली. "तुमच्या पोटात ते पॅसेंजरासारखं जातं. इकडून चढलं, तिकडून उतरलं."

पुढचं वळण आणलं संजीवनीताईंनी. त्या आमच्या भागातल्या आशा सेविका. लसीची पेटी मांडीवर घेऊन त्या एकदा मधल्या सीटवर बसल्या होत्या. सावळारामाचं गाजरपुराण ऐकून त्यांनी मागून सांगितलं, "सावळारामदादा, असं कचाकचा कच्चं खाऊन अंगी थोडंच लागतं. गाजराचा रंग कडक पेशींत कोंडलेला असतो. शिजवलं, ठेचलं, बारीक चावलं की मग तो सुटतो. आणि सुटला तरी पाण्यात विरघळत नाही तो. त्याला तेल लागतं."

"तेल?"

"तुमच्या घरी गाजराच्या भाजीत वर तेल सुटतं ते कुठल्या रंगाचं असतं?"

"केशरी."

"आणि पाणी?"

सावळाराम विचारात पडला. रस्ता सरळ होता म्हणून बरं. "पान्याला काय तेवढा रंग नाय."

"तेच तर. पोटातपण तसंच होतं. जेवणात थोडं तेल-तूप असलं की पित्त त्याचे बारीक बारीक थेंब करतं. रंग त्या थेंबांत बसतो आणि आतड्यातून आत जातो. तेल नसेल तर बराचसा रंग तसाच निघून जातो. तेव्हा आठवड्यातून दोनतीनदा चांगली फोडणी घालून भाजी खा. बास."

संजीवनीताईंनी "बास" म्हटलं होतं. मी स्वतः ऐकलं. पण सावळारामाच्या कानात "तेल" शिरलं आणि दार बंद झालं.

त्या संध्याकाळी तो गाजरं, एक भलामोठा लाल भोपळा, पपया आणि तेलाचा डबा घेऊन घरी गेला. सकाळी गाजराची तेलात परतलेली भाजी. दुपारच्या डब्यात भोपळ्याचे घारगे, तेही तळून. चार वाजता पपई, आणि पपईत तेल नसतं म्हणून वर चमचाभर तूप. संध्याकाळी पुन्हा गाजर, शिजवून, घोटून, फोडणी देऊन. झोपायच्या आधी हलवा. चंद्रकलानं पहिल्यांदा हौसेनं केलं, मग कंटाळून केलं, मग तिनं किसणी शेजारणीकडे लपवून ठेवली. सावळारामानं स्टँडवरून येताना नवी आणली.

डब्यातला घास तो मलाही द्यायचा. घारगे उत्तम होते, खोटं कशाला बोलू? पण संक्रांत होऊन थोडे दिवस गेले आणि एका सकाळी त्यानं मला सुटे पैसे परत दिले, तेव्हा माझं लक्ष त्याच्या तळहाताकडे गेलं. तळहात केशरी होता. मला वाटलं, घारग्याचं तेल लागलंय. काही बोललो नाही.

बोलला तो ज्ञानेश्वर. ज्ञानेश्वर म्हणजे स्टँडवरचा दुसरा जीपवाला, सावळारामाचा लहानपणापासूनचा दोस्त आणि तेवढाच जुना स्पर्धक. नंबर कुणाचा आधी ह्यावरून दोघं रोज भांडत आणि चहा एकाच कपातून अर्धा अर्धा पीत. त्यानं सावळारामाचा हात उलटा करून पाहिला. "काय रे, मेंदी लावलीस काय?"

"घारग्याचं तेल हाय."

तेल पुसलं. रंग तसाच. चप्पल काढायला लावली तर तळपायही तसेच. मग ज्ञानेश्वरनं त्याचं तोंड उजेडाकडे वळवलं. एवढ्या काळ्या चेहऱ्यावर दुसरं काही दिसत नव्हतं, पण नाकाच्या दोन्ही बाजूंच्या घडीत केशरी झाक होती. ज्ञानेश्वर दोन पावलं मागं सरकला आणि स्टँडवर सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "सावळ्या, तुला कावीळ झाली!"

त्या दिवशी सावळारामाच्या जीपमध्ये मी, ड्रायव्हर आणि कोंबड्यांची एक टोपली, एवढेच गेलो. कोंबड्यांना कुणी विचारलं नव्हतं. ज्ञानेश्वरच्या जीपला मात्र माणसं बाहेर लोंबकळत होती. जे थोडे लोक नाइलाजानं आमच्याकडे बसायला लागले, ते भाडं सावळारामाच्या हातात द्यायला तयार नसत. लांबून पुढच्या काचेखाली टाकत आणि सुटे पैसे तुम्हालाच ठेवा म्हणत.

घरी चंद्रकला घाबरली होती. पण घाबरली की तिचे हात जास्त चालतात. तिनं त्याचे हात साबणानं धुतले. मग सोड्यानं. मग तांब्याची भांडी घासतात तशी चिंच आणि मीठ लावून घासले. सावळाराम मोरीपुढे बसून ओरडत होता. हात लख्ख झाले, लख्ख केशरी.

"तुमाला कसं वाटतंय?" तिनं रडवेल्या आवाजात विचारलं.

"भूक लागलीय," सावळाराम म्हणाला.

काविळीत अन्नावरची वासना जाते, हे तिला ठाऊक होतं. हा मात्र दोन माणसांचं जेवत होता. पण हाताकडे पाहिलं की काविळीशिवाय दुसरं नाव सुचत नव्हतं. तेव्हा दुसऱ्या दिवशी सगळी मिरवणूक धोंडूबाईकडे गेली. धोंडूबाई सावळारामाची आत्या. पलीकडच्या पाड्यावर राहते आणि आसपासच्या गावांची कावीळ उतरवते. मी सुट्टी असल्यामुळे बरोबर गेलो, आणि ज्ञानेश्वर आला तो दोस्ताची काळजी म्हणून. निदान तो तसं म्हणत होता. खरं तर त्याला गंमत बघायची होती.

आत्यानं अंगणात परात मांडली. परातीत चुन्याची निवळी ओतली. कसली तरी साल वाटून भाच्याच्या हाताला चोळली आणि हात परातीत धुवायला लावले. पाणी पिवळंधमक झालं.

"बग," आत्या म्हणाली, "कशी उतरते ती. भरपूर हाय रे तुज्या अंगात."

ज्ञानेश्वर बघायला इतका वाकला होता की सालीचा वाटलेला लगदा त्याच्याही हाताला लागला. तो हात झटकणार, तेवढ्यात आत्या म्हणाली, "झटकू नको, आंगन घान व्हईल. परातीत धू." त्यानं शेजारी निवळी भरून ठेवलेल्या दुसऱ्या परातीत हात बुडवले. तीही परात पिवळीधमक.

ज्ञानेश्वरनं परातीकडे पाहिलं, मग आत्याकडे.

"तुला पन हाय," आत्या शांतपणे म्हणाली.

"मला?" ज्ञानेश्वरचा आवाज एकदम बारीक झाला. "मला काय होत नाय आत्या! माझे हात बघा, काळे हायेत!"

"आतल्या आत हाय. ती जास्त वंगाळ."

चुन्याच्या पाण्यात ती सालच पिवळा रंग सोडते असा मला संशय आला होता, आणि तसं मी म्हणालोही. आत्यानं माझ्याकडे असं पाहिलं की मी माझे हात खिशात घातले. दोघांना एकच पथ्य मिळालं. तेल बंद, तूप बंद, तिखट बंद. भात, ताक आणि उकडलेला भोपळा. गाडी चालवायची नाही, उन्हात जायचं नाही, पडून राहायचं.

त्यानंतरचे दिवस आमच्या रस्त्याला जड गेले. दोन्ही जीपा उभ्या. एसटी येई तेव्हा तिच्यात पाय ठेवायला जागा नसे. मी किन्हवलीला रोज उशिरा पोचू लागलो आणि मालकाला कारण म्हणून ही गोष्ट सांगू लागलो. त्याचा विश्वास बसला नाही.

तिकडे ज्ञानेश्वरनं खरंच अंथरूण धरलं. धडधाकट माणूस, पण आतल्या आत कावीळ म्हटल्यावर त्याची भूक गेली. पोट जड वाटायला लागलं, पायात गोळे यायला लागले. बायकोला सांगून त्यानं मुंबईच्या भावाला बोलावून घेतलं. आणि रोज दुपारी त्याच्या समाचाराला कोण जाई? सावळाराम. हाताला केशरी रंग, चेहऱ्यावर तेज, चालत, दणदणीत.

"कसं वाटतंय ज्ञाना?"

"संपलो रे सावळ्या. तुला?"

"मला लई भूक लागते."

"शेवटी शेवटी तसं होतं म्हणतात," ज्ञानेश्वर म्हणाला आणि दोघांचे डोळे भरून आले.

हे चंद्रकलानं दारातून ऐकलं. तिनं डोक्यावरचा पदर खोचला. "बास झालं. उद्या मुरबाडच्या सरकारी दवाखान्यात. दोघंबी."

दवाखान्यात त्या दिवशी मिताली मॅडम होत्या. तरुण डॉक्टर, पण चेहऱ्यावर घाई नाही. त्यांनी सावळारामाचे हात पाहिले. मग बॅटरी घेऊन त्याच्या डोळ्याची खालची पापणी ओढली, वरची उचलली, दोन्ही डोळे नीट पाहिले.

"डोळे पांढरेशुभ्र आहेत," त्या म्हणाल्या. "लघवीचा रंग?"

"साधा. पान्यासारखा."

"मळमळ? ताप? भूक कशी आहे?"

"भूक विचारूच नका," चंद्रकला म्हणाली.

मॅडमनी रक्त तपासायला पाठवलं. रिपोर्ट येईपर्यंत सहज विचारलं, "खाता काय तुम्ही?"

सावळाराम सांगायला लागला. सकाळचं गाजर, दुपारचे घारगे, तुपातली पपई, रात्रीचा हलवा. मॅडम आधी लिहून घेत होत्या. घारग्यांपाशी त्यांचं पेन थांबलं. हलव्यापाशी त्यांनी तोंडावर रुमाल धरला. रिपोर्ट आला, त्यात काही नव्हतं. मग त्या मोकळेपणानं हसल्या.

"कावीळ नाही हो तुम्हाला. कावीळ आधी डोळ्यांच्या पांढऱ्या भागात दिसते. तुमचे डोळे स्वच्छ आहेत. हा रंग गाजराचा आहे."

"गाजराचा रंग हाताला कसा येईल? मी तोंडानं खातो," सावळाराम म्हणाला.

मॅडमनी त्याला उलगडून सांगितलं. शिजवलेल्या गाजरातला रंग तेलाबरोबर आतड्यातून आत जातो. शरीर त्यातून जीवनसत्त्व अ करतं, पण लागेल तेवढंच. उरलेला रंग टाकून देत नाही, रक्तातून फिरवत राहतं. तो चरबीत आणि कातडीत साठतो. तळहाताची, तळपायाची कातडी जाड, म्हणून तिथं आधी दिसतो. त्रास काही नाही. खाणं कमी केलं की हळूहळू उतरेल, काही आठवडे जातील, कदाचित महिने.

"म्हणजे मी आत गाजरानं भरलोय?"

"जवळपास."

सावळारामाच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. एवढं खाल्लेलं वाया गेलं नाही, पोचलं होतं. मग त्यानं खरा प्रश्न विचारला. "आनि डोळे? डोळे आता चांगले झाले आसतील."

मॅडमनी त्याला भिंतीवरची अक्षरं वाचायला सांगितलं.

"कुठली अक्षरं?"

"समोरच्या तक्त्यावरची."

"तो तक्ता हाय? मला वाटलं खिडकी."

"जीवनसत्त्व तुमच्यात आधीपासूनच पुरेसं होतं," मॅडम म्हणाल्या. "ते कमी असतं तर गाजरानं फायदा झाला असता. तुमच्या डोळ्याचा आकारच असा आहे की लांबचं धूसर दिसतं. त्याला भाजी नाही, चष्मा लागतो. आणि तो येईपर्यंत गाडी चालवायची नाही."

तेवढ्यात कोपऱ्यातल्या बाकावरून क्षीण आवाज आला. "मॅडम, माझं किती ऱ्हायलंय?" ज्ञानेश्वर भिंतीला टेकून बसला होता.

मॅडमनी त्यालाही तपासलं. डोळे स्वच्छ, रिपोर्ट स्वच्छ. "तुम्ही काय खाता?"

"काय नाय मॅडम. ताक-भात. तोपन जात नाय."

"मग जेवा," मॅडम म्हणाल्या.

दवाखान्याबाहेर आल्याबरोबर ज्ञानेश्वरनं चार वडापाव खाल्ले आणि पायातले गोळे गेले. मुंबईहून आलेला भाऊ त्याच्याशी आजही नीट बोलत नाही.

पुढच्याच आठवड्यात सावळारामाच्या पुतणीचं, भूमिकाचं लग्न होतं. हळदीला त्याचे हात अजून चांगलेच केशरी होते. नवरीला हळद लागण्याआधीच मांडवात बायकांनी गोंधळ घातला, की नवऱ्याकडची उष्टी हळद काकानं आधी लावून घेतली. सावळाराम प्रत्येकीला थांबवून आतडं, पित्त आणि तेलाचा थेंब समजावून सांगत होता. फोटोवाल्यानं त्याला दोनदा नवरदेवाचा भाऊ म्हणून उभा केला. धोंडूबाई आत्याही आली होती. तिनं भाच्याचा हात उजेडात धरून पाहिला. रंग जरा फिका झाला होता.

"उतरली का नाय? मी सांगितलेलं," ती म्हणाली.

खरं सांगायचं तर आत्याचं पथ्य काही अगदीच फुकट गेलं नव्हतं. तेल बंद केल्यावर रंग आत जाणं कमी झालंच होतं. सावळाराम मॅडमचं सगळं सांगायला तोंड उघडणार, इतक्यात चंद्रकलानं त्याच्या पायावर पाय दिला. "हो आत्या, तुमच्याच हाताचा गुण," ती म्हणाली. आत्या खूश होऊन जिलेबीकडे वळली.

लग्न उरकल्यावर चष्मा आला. जाड काळ्या फ्रेमचा. मुरबाडच्या दुकानातून तो आणताना मी आणि चंद्रकला बरोबर होतो. दुकानाच्या पायरीवर उभं राहून सावळारामानं तो लावला आणि रस्त्याच्या पलीकडच्या सगळ्या पाट्या मोठ्यानं वाचून काढल्या. विजेच्या तारेवर बसलेले पक्षी पाहिले. स्टँडवर ज्ञानेश्वरनं आपली जीप नंबर मोडून पुढं लावलीय, हेही त्याला तिथूनच दिसलं आणि त्यानं तिथूनच शिवी दिली. मग तो बायकोकडे वळला. चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला.

"काय झालं?" तिनं विचारलं.

"चंदे, तुझे केस पांढरे कधी झाले गो?"

"तुमी गाजरं खात होता तवा," चंद्रकला म्हणाली आणि पिशवी त्याच्या केशरी हातात देऊन स्टँडच्या दिशेनं चालायला लागली.